गणिती नगराध्यक्ष योहान हुडे

अमुक गांव समुद्रसपाटीपासून इतके फूट उंच, असें भूगोलाच्या पुस्तकांत छापलेलें असतें. पण समुद्राला सपाटी असते कोठें? तो भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो आणि वादळांत बांध फोडून घरांत शिरतो. तेव्हां ही ‘सपाटी’ कोणी तरी बसून ठरवावी लागते. युरोपच्या मोठ्या भागापुरती ती जेथें ठरली तें शहर हॉलंडांतील अ‍ॅम्स्टरडॅम; आणि ठरविण्यांत ज्याचा पुढाकार होता तो तेथील नगराध्यक्ष योहान हुडे.

हुडेचा जन्म 1628 सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथेंच एका संपन्न घराण्यांत झाला. लायडनच्या विद्यापीठांत तो गेला कायदा शिकावयास. पण व्हॅन स्खोटेन या गुरूनें त्याला गणिताची गोडी लाविली. देकार्तच्या भूमितीची जी लॅटिन आवृत्ति स्खोटेननें 1659 सालीं प्रसिद्ध केली तींत हुडेचे दोन छोटे निबंध आहेत. समीकरणाचीं दोन मुळें समान असतील तर तीं हुडकून काढण्याची त्याची युक्ति मोठी सुबक आहे : प्रत्येक पदाला क्रमानें अंकगणिती श्रेढींतील एकेका संख्येनें गुणावें, तें समान मूळ नव्या समीकरणाचेंही मूळ ठरतें. न्यूटन व लाइबनिट्स यांच्या कलनशास्त्राची चाहूल या रीतींत लागते. लाइबनिट्स 1676 सालीं अ‍ॅम्स्टरडॅमला आला तेव्हां त्यानें हुडेची मुद्दाम भेट घेतली. पण तोंवर हुडेनें गणितावर लिहिणें सोडून दिलें होतें.

गणिताच्या इतिहासकारांना याची हळहळ वाटते, व ती अगदींच अकारण नाहीं. परंतु त्याची बुद्धि आळसली नव्हती. तिला दुसरें काम लागलें होतें.

त्या काळीं अ‍ॅम्स्टरडॅमला एकाच वेळीं चार नगराध्यक्ष असत. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची, आणि निवड मोजक्या धनिक घराण्यांतून. सामान्य नागरिकाला त्यांत मत नव्हतें. या मंडळांत हुडे प्रथम आला तो 1672 सालीं, म्हणजे डचांच्या इतिहासांतील सर्वांत भयंकर वर्षीं. फ्रान्सच्या राजाची फौज उट्रेख्टपर्यंत येऊन ठेपली होती आणि इंग्रजांचें आरमार समुद्रावर उभें होतें. राज्याचा सूत्रधार यान डी विट हाही स्खोटेनचाच शिष्य. देकार्तच्या त्याच आवृत्तींत त्याचाही ग्रंथ समाविष्ट आहे. आयुष्यभर मिळावयाच्या वर्षासनाची रास्त किंमत काय असावी, हा हिशेब या दोघांनीं आदल्याच वर्षीं पत्रोपत्रीं सोडविला होता. त्या डी विटला व त्याच्या भावाला 20 ऑगस्ट 1672 रोजीं हेग येथें खवळलेल्या जमावानें फाडून काढलें. शत्रूला अडविण्यासाठीं डचांनीं आपलेच बांध व दरवाजे उघडून शेतेंच्या शेतें पाण्याखालीं घातलीं. पाणी इतकेंच ठेवावयाचें कीं पायदळाला चालतां येऊं नये आणि नावांनाही तरतां येऊं नये. या कामांत हुडेचा हात होता. राज्य वांचलें, पण ज्या कुणब्यांचीं शेतें बुडालीं त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत.

पुढें 1703 पर्यंत हुडे पुनःपुन्हा नगराध्यक्ष झाला. पूर्वेकडील व्यापार करणाऱ्या डच कंपनीचाही तो संचालक होता. आपल्या वेंगुर्ल्याची वखार याच कंपनीची. शहराच्या कालव्यांत घाण साठून दुर्गंधि सुटे, तेव्हां रात्रीं दरवाजे उघडून ते धुऊन काढण्याची व्यवस्था त्यानें लाविली.

परंतु त्याचें खरें स्मारक निराळें आहे. 1675 च्या वादळांत समुद्र शहरांत शिरला. बांध उंच करावयाचा हें सर्वांस पटलें. पण कशापासून किती उंच, याचें उत्तर कोणापाशीं नव्हतें. हुडेनें तें मापून काढविलें. सप्टेंबर 1683 पासून सप्टेंबर 1684 पर्यंत आय नांवाच्या खाडीच्या पाण्याच्या नोंदी ठेवण्यांत आल्या आणि उन्हाळी भरतीच्या सरासरीवरून शहराची पातळी निश्चित झाली. मग आठ दरवाजांच्या भिंतींत पांढऱ्या संगमरवराचे आठ दगड बसविले. प्रत्येकावर एक आडवी खांच, आणि समुद्रबांधाची उंची शहराच्या पातळीवर नऊ फूट पांच इंच, असा मजकूर. अ‍ॅम्स्टरडॅमचा फूट लहान, त्याचे इंचही अकराच. आजच्या मापानें ही उंची सुमारें 2.68 मीटर भरते. पाणी चढूं लागलें कीं संकट किती हात दूर आहे, हें आतां अंदाजानें नव्हे, तर दगडाकडे पाहून सांगतां येऊं लागलें.

हुडे 1704 च्या एप्रिलांत वारला. 1818 सालीं हीच पातळी राजाज्ञेनें हॉलंडभर लागू झाली. 1879 सालीं प्रशियानें आपलें शून्य तिच्यावरून घेतलें, आणि आज युरोपांतील उंचीमापनाचा सामाईक आधारही तीच आहे. आठ दगडांपैकीं एकच मूळ जागीं उरला आहे, तो एनहोर्न दरवाजापाशीं. 1872 सालीं आय खाडीच्या तोंडाशीं मोठे दरवाजे बांधण्यांत आले. तेव्हांपासून ज्या भरतीवरून ही पातळी ठरली ती भरती आतां त्या दगडापर्यंत येत नाहीं.