साखळीचे टोक, दांड्याचा गाभा

ॲसिटलचा दांडा किंवा शीट घेताना तक्त्यातला ताणबळाचा आकडा पाहिला, की होमोपॉलिमर कोपॉलिमरपेक्षा थोडा सरस दिसतो आणि निवड झाली असे वाटते. पण हे दोन प्रकार मुळात वेगळे झाले ते रेणूच्या टोकाचे काय करायचे या प्रश्नावर, आणि लेथवर चढवायच्या मालाची निवडही तिथूनच सुरू करावी. फॉर्मल्डिहाइडचे रेणू एकमेकांना जोडून ॲसिटलची लांब साखळी होते, हे हरमान श्टाउडिंगर यांनी 1920च्या दशकात अभ्यासले होते. अडचण उष्णतेची होती. तापवले की साखळी टोकापासून, विणलेल्या स्वेटरचा धागा सुटावा तशी, उसवत जाई आणि पुन्हा वायू होई. वितळवून घडवता येत नाही असे प्लास्टिक कारखान्याच्या काय कामाचे? ड्युपाँट कंपनीच्या रसायनज्ञांनी साखळीच्या टोकांना ॲसिटेटची टोपणे बसवली; हाच होमोपॉलिमर. 1956 मध्ये या मालाची घोषणा झाली आणि 1960 मध्ये पश्चिम व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गला ‘डेल्रिन’चे मोठे उत्पादन सुरू झाले. जस्त आणि पितळ यांच्या ओतीव भागांची जागा घेणे हा उद्देश उघड होता.

सेलानीज कंपनीने 1962 मध्ये टेक्सासच्या बिशप इथे वेगळा मार्ग धरला. ट्रायऑक्झेनपासून साखळी बांधताना मध्ये मध्ये कार्बन-कार्बन बंध असलेले दुवे पेरले, म्हणजे उसवण सुरू झाली तरी पहिल्या अशा दुव्यापाशी थांबते; हाच कोपॉलिमर. या दुव्यांनी रचनेची शिस्त किंचित मोडली, स्फटिकता घटली, वितळबिंदू 175 अंशांवरून 165च्या आसपास आला आणि ताकदही थोडी उतरली. गंमत अशी, की हाच उणेपणा जाड मालात कामी आला. जाड दांड्याची कड आधी गोठते, गाभा मागाहून आकसतो आणि त्या ओढीत मध्यरेषेवर बारीक छिद्रे पडतात. जास्त स्फटिकी होमोपॉलिमर जास्त आकसतो, म्हणून हा दोष त्यात अधिक आढळतो. व्हॉल्व्हच्या अंगात अशी छिद्रे गळती देतात. अन्नप्रक्रियेच्या यंत्रात त्यांत घाण साचते. तक्त्यातला आकडा मात्र भरीव, निर्दोष नमुन्याचा असतो.

यावर कोणी म्हणेल, बुशमध्ये गाभा बोअर करून काढूनच टाकतात, मग छिद्रांची भीती कसली? आक्षेप रास्त आहे. बुश, लहान गिअर, बारीक दांड्यातून कातलेले भाग यांना होमोपॉलिमरचा ताठपणा जरूर घ्यावा. पण तोच भाग गरम पाण्यात किंवा तीव्र अल्कलीत राहणार असेल, तर ॲसिटेटची टोपणे तिथे तुटतात आणि जुनी उसवण पुन्हा मोकळी होते. तिथे कोपॉलिमरच टिकतो. दुसरा आक्षेप नायलॉनचा: तो चिवट आहे आणि स्वस्तही. मात्र नायलॉन 6 संपृक्त होईपर्यंत वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी पितो, त्यामुळे ओलाव्यात मापे फुगतात. ॲसिटल एक टक्क्याच्या आतबाहेर थांबतो. क्लोरिनपुढे मात्र ॲसिटलचे दोन्ही प्रकार हरतात. अमेरिकेतल्या घरांत पॉलीब्युटिलीन नळांवर बसवलेले ॲसिटलचे जोड क्लोरिनयुक्त पाण्याने ठिसूळ होऊन तडकले आणि 1995 मध्ये सामुदायिक दाव्यात मोठी तडजोड झाली. क्लोरिनची मात्रा देणाऱ्या पंपाचा भाग कातायचा असेल तर ॲसिटल बाजूला ठेवून, महाग पडला तरी, पीव्हीडीएफचाच दांडा आणावा.