होडी पाण्यात हलकी, खांद्यावर जड

मागे मासेमारीच्या कयाकबद्दल बोललो होतो, त्यावर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, ती होडी साठ किलोची म्हणतोस. मग एकटा माणूस ती गाडीच्या टपावर चढवतो कशी?"

प्रश्न साधा वाटतो. पण ६० किलो म्हणजे घरातले दोन भरलेले गॅस सिलिंडर. तेही चार मीटर लांब, गुळगुळीत आणि धरायला नीट जागा नसलेले! उत्तर दोन मिनिटांत देता येईल, आणि शेवटी देणार आहेच. पण मला जास्त छळलं ते दुसऱ्याच प्रश्नानं. एकट्याला उचलत नाही अशी होडी एकट्या माणसासाठी बनवली कुणी? कारण बराच काळ जगात याच्या उलट चालायचं. होडी उचलणार कोण हे आधी ठरायचं, आणि मग ती केवढी करायची ते.

"कयाक" हा शब्द आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचा. तिथे मोठी झाडं नाहीत, त्यामुळे समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा, तो वाद्यांनी बांधायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. मापं वापरणाऱ्याच्या अंगावरून घेतलेली, हातांचा पल्ला किती, कंबर केवढी. शिंप्याकडे शर्ट शिवावा तसाच प्रकार. शिकारी पाण्याबाहेर आला की होडी डोक्यावर किंवा हातात अडकवून चालायला लागायचा.

हंपीला गेला असाल तर तुंगभद्रेतली गोल, टोपलीसारखी होडी बघितली असेल. विणलेला बांबू, पूर्वी त्यावर चामडं असायचं, आता प्लास्टिक आणि डांबर. लहान असली तर नावाडी ती पाठीवर उपडी घेऊन निघतो. मागून बघितलं तर एखादं कासव दोन पायांवर चाललंय असं वाटतं. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीजानं अशा होड्यांचं वर्णन केलंय. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीनंही दख्खनच्या नद्या ओलांडायला असल्याच टोपल्या करवून घेतल्या. (हो, तोच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन.)

आता हौशी लोकांकडे येऊ. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर नावाचा स्कॉटिश वकील "रॉब रॉय" नावाची छोटी होडी घेऊन युरोपच्या नद्यांवर एकटा फिरला. होडी १५ फूट लांब, वजन ८० पौंड, म्हणजे ३६ किलोच्या आसपास. ही लांबी कशावरून ठरली माहितीये? जर्मन रेल्वेच्या डब्यात मावली पाहिजे यावरून! मला हा माणूस म्हणूनच आवडतो. प्रवासात लागणारी रेल्वे त्यानं होडी बांधतानाच हिशेबात धरली होती. आमच्या क्षेत्रात हे फार कमी लोकांना जमतं. कोड लिहून झाल्यावर विचारतात, आता हे चालवायचं कुठल्या सर्व्हरवर? बाकी रेल्वे नसेल तिथे मॅकग्रेगर सरळ बैलगाडी किंवा हमाल बघायचा. खिशात पैसे होते.

ज्याच्या खिशात नव्हते, त्याची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ भाग आहे. तळीच तळी, आणि दोन तळ्यांच्या मध्ये जंगलातली पायवाट. या वाटांना तिथे नावच "कॅरी", कारण इथे होडी वाहून न्यायची. एकोणिसाव्या शतकात शहरातले श्रीमंत लोक तिथे मासे धरायला जायचे तेव्हा गाइड भाड्यानं घ्यायचे. गाइडची होडी तीसेक किलोची. पायवाट आली की तो खांद्यावर लाकडी जू ठेवायचा, अगदी बैलाचं असतं तसंच पण माणसाच्या मानेला बसेल असं कोरलेलं, आणि त्यावर होडी उपडी घ्यायचा. साहेब मागून गळ घेऊन यायचे. म्हणजे त्या तळ्यांवर जायचं तर एक तर अंगात ताकद पाहिजे, नाही तर पाकिटात.

जॉर्ज वॉशिंग्टन सियर्सकडे दोन्ही नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावचा हा चांभार. उंची सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोच्या आसपास, साठीला टेकलेला, त्यात क्षयरोग. "नेसमक" या नावानं तो "फॉरेस्ट अँड स्ट्रीम" साप्ताहिकात लिहायचा. जंगलात जायची ओढ जबरदस्त, पण गाइड परवडत नाही आणि गाइडची होडी पेलवत नाही. मग त्यानं कँटन गावच्या जे. हेन्री रशटन या होडी बांधणाऱ्याला गाठलं. मागणी सोपी होती, मला एकट्याला उचलेल अशी होडी दे. रशटन स्वतःही चणीनं बारीकच, त्याला हे दुखणं बरोबर कळलं असणार.

१८८० च्या पहिल्या सफरीसाठी बांधलेली होडी अठरा पौंडांच्या जरा खाली आली, म्हणजे आठ किलो. सियर्सला तरीही वाटलं, अजून कमी होऊ शकतं. पुढची सोळा पौंडांची. आणि १८८३ मध्ये आली "सेअरी गँप". नऊ फूट लांब, पातळ सिडरच्या फळ्या, वजन साडेदहा पौंड. पावणेपाच किलो! तेलाचा पाच लिटरचा डबा उचलता ना, तेवढंच. नाव डिकन्सच्या कादंबरीतल्या एका दारूबाज नर्सचं, कारण ती पाण्याला शिवत नसे. होडीनंही पाणी आत घ्यायचं नाही, हा विनोद.

त्या उन्हाळ्यात ६१ वर्षांच्या या आजारी माणसानं ती होडी घेऊन २६६ मैल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरहून जास्त प्रवास केला. तळं संपलं की होडी उचलायची, चालायचं, पुढच्या तळ्यात टाकायची. गाइड नाही, जू नाही, "जरा हात लावता का भाऊ" नाही. पुढच्याच वर्षी, १८८४ ला, "वुडक्राफ्ट" हे त्याचं पुस्तक आलं आणि सामान हलकं ठेवा हा त्याचा धोशा पुढच्या कित्येक पिढ्यांनी उचलला. १८९० मध्ये तो गेला. सेअरी गँप आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

मध्ये जर्मनीत आणखी एक युक्ती निघाली. योहान क्लेपर या शिंप्यानं १९०७ मध्ये घडीच्या होडीचे हक्क घेतले. सांगाडा सुटा करायचा, कापड गुंडाळायचं, पिशव्यांत भरून ट्रेन पकडायची. पुन्हा शिंपीच आला बघा.

मग गाडी बिघडली कुठे? खरं तर गाडीमुळेच बिघडली. घरोघरी मोटार आल्यावर होडी उचलायची ती फक्त पार्किंगपासून पाण्यापर्यंत. दुसरीकडे १९७० च्या दशकात पॉलिथिलीनच्या कयाक आल्या. साच्यात प्लास्टिकची पूड घालून भट्टीत साचा फिरवायचा, आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी बनते तसंच. स्वस्त, दगडावर आपटली तरी फुटत नाही, पण जड. त्यानंतर वर बसायच्या कयाक आल्या आणि मासेमारीवाल्यांना त्या फारच सोयीच्या पडल्या. १९९७ मध्ये होबी कंपनीनं पायानं चालवायचं पॅडल आणलं, म्हणजे दोन्ही हात गळाला मोकळे. मग उभं राहून गळ टाकता यावा म्हणून रुंदी वाढली, खुर्ची आली, मासे शोधणारा सोनार आणि त्याची बॅटरी आली. २००९ च्या होबी प्रो अँगलरपर्यंत सगळं लावून वजन साठ किलोच्या पुढे गेलं होतं. यातली एकही सोय फालतू नाही, हे मान्य. पण सियर्सनं हट्टानं जे सोडवलं होतं ते आपण हप्त्याहप्त्यानं परत अंगावर घेतलं. कमरेचं दुखणं असलेला किंवा साठीतला माणूस पुन्हा कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसला.

तर आता त्या व्हॉइस नोटचं उत्तर. साठ किलो एकदम उचलायचेच नाहीत. आधी खुर्ची, बॅटरी, पॅडल, गळ, सगळं काढा. पाण्यापासून गाडीपर्यंत होडीच्या मध्याच्या जरा मागे दोन चाकांची गाडी बांधून ओढत न्या. होडी गाडीच्या मागे सरळ रेषेत लावा. मागच्या काचेवर आणि डिकीवर रबरी चटई किंवा जाड सतरंजी टाका, नाही तर रंगाचे ओरखडे मोजत बसाल. आता फक्त पुढचं टोक उचलून टपावरच्या मागच्या दांडीवर टेकवा. एक टोक उचलताना निम्मंच वजन हातात येतं, उरलेलं जमीन सांभाळते. मग मागे जा, गुडघे वाकवून दुसरं टोक उचला आणि पुढे ढकला. होडीचा मध्य दांडीजवळ सरकत जातो तसा हातातला भार कमी होतो, आणि मध्य ओलांडला की होडी आपणहून पुढच्या दांडीवर झुकते. तिथे ती धाडकन पडू देऊ नका, हळू टेकवा.

आणि हे सगळं करण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा. बऱ्याच गाड्यांच्या टपाची मर्यादा ७५ किलोच्या आसपास असते आणि त्यात रॅकचं वजनही धरतात. होडी बसत नसेल तर ट्रेलर बघा, हट्ट करू नका. दोन पट्टे आडवे, शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक दोरी. पट्टा सपाट ठेवला तर हायवेवर वाऱ्यानं असा घुमतो की डोकं उठतं. बांधतानाच त्याला एक पीळ देऊन टाका, आवाज बंद.