अलिबागचे सुभेदार

आपल्या समाजातील सैनिकांविषयी दोन पाने लिहून द्यावीत असे स्मरणिका समितीने सुचविले, तेव्हा बैठकीत अनेकांनी मोठी नावे घेतली. ती घेणे योग्यच होते. सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, म्हैसूरच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत शाआर हारहमीम हे आपले पहिले सिनेगॉग बांधले, ही हकीकत येथे जन्मलेल्या नातवंडांनाही पाठ आहे. पण आम्ही येथे लिहिणार आहोत ते आमच्या वडिलांविषयी. त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. येथेही देत नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत ज्यांचे बालपण गेले, ते ओळखतीलच.

सारे गाव बाबांना 'सुभेदार' म्हणे. पत्र्याच्या ट्रंकेत लढाईच्या सुटकेचा कागद होता, त्यावर मात्र 'नायक' असे स्पष्ट लिहिलेले होते. लहानपणी आम्हां भावंडांना ह्याचे फार कोडे पडे. आजीला विचारले तर ती म्हणे, "पलटणीतून परत आला तो सुभेदारच, अजून काय?" तिच्या बोलण्यात इतिहास होता, हे पुढे कळले. एकोणिसाव्या शतकात मुंबई लष्करात आपले लोक संख्येच्या मानाने खूपच होते आणि त्यांतले कितीतरी सुभेदार, जमादार होऊन पेन्शनीवर कोकणात परतत. पुढे शतक संपता संपता लष्करात जातवार कंपन्या झाल्या. आपली स्वतंत्र कंपनी व्हावी एवढे आपण नव्हतोच. मग तलवार गेली आणि लेखणी व औषधाची बाटली हाती आली. कारकून, कंपाउंडर, हॉस्पिटल असिस्टंट अशा नोकऱ्यांत आपली मुले शिरली. आजीच्या जिभेवर मात्र 'सुभेदार' तसाच राहिला.

बाबा १९४१ साली इंडियन हॉस्पिटल कोअरमध्ये नर्सिंग ऑर्डर्ली म्हणून भरती झाले. देशासाठी, राजासाठी असे ते कधी म्हणाले नाहीत. घरात तीन बहिणी लग्नाच्या होत्या. (१९४३ च्या एप्रिलात ह्या कोअरसह सारी वैद्यकीय खाती एक होऊन इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली.) आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते इराकात, तेथून सीरियात गेले आणि १९४३ च्या सप्टेंबरात इटलीत तारान्तोला उतरले. नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढाई झाली. पावसाने नदी फुगली, बांधलेले पूल वाहून गेले, आणि जखमींना चिखलातून खांद्यावर आणावे लागले. लढाईबद्दल बाबा एवढेच बोलत. पण आम्ही नर्सिंगला गेल्यावर त्यांची जीभ थोडी सैल झाली. जखमेवर सल्फाची पूड कशी टाकीत, पेनिसिलीन नवे आले तेव्हा डॉक्टर ते कसे जपून वापरीत, ओल्या बुटांत पाय कसे काळेनिळे पडत, हे ते सांगत. औषधापेक्षा पत्रे लिहिण्यात त्यांच्या रात्री अधिक गेल्या. डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती. महाड-पोलादपूरकडची पोरे हात मोडून पडलेली असत आणि म्हणत, "इस्राएल, आईला लिही, बरा आहे म्हणून." जो बरा नसे त्याचेही तेच लिहावे लागे. त्या डिव्हिजनचे पाचशेहून अधिक जवान नव्हे, तर साऱ्या हिंदी पलटणींतले मिळून तेवढे, ज्यांचे दहन झाले त्यांची नावे सांग्रोच्या युद्धस्मशानभूमीत कोरलेली आहेत.

१९४६ साली सुटका झाली. लढाईपुरती भरती, म्हणून पेन्शन नाही. बाबा एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राहिले. आता आयुष्यात रक्त पाहायचे नाही, असे त्यांनी आजीजवळ बोलून दाखविले होते.

त्यानंतर वर्षभरातच, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात उलटली. आपल्यातल्या ज्येष्ठांना ती गटारी अमावास्या वेगळी सांगायला नको. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोळ्यांनी मासळी पाण्यात टाकून होड्या रिकाम्या केल्या आणि मिळतील तेवढे जीव वाचविले. पुढे कित्येक दिवस किनाऱ्याला प्रेते लागत होती. बाबांना कोणी बोलाविले नव्हते. ते आपण होऊन गेले, कारण मृताच्या अंगावरची खूण लिहून चिठ्ठी कशी बांधावी हे लष्करात शिकलेला दुसरा कोणी जवळपास नव्हता. उजव्या हातावर गोंदण, डाव्या पायात चांदीचे वाळे, सदऱ्याच्या खिशात तपकिरीची डबी, असे एकेकाचे लिहून ते पोलिसांकडे देत. त्यावरून काही घरांना आपले माणूस मिळाले. रात्री परत आले की आजी अंगणात पाण्याचा हंडा तापवून ठेवी आणि ते अंगावर पाणी घेत कितीतरी वेळ बसून राहत. आमच्या घरी त्या मोसमात मासळी शिजली नाही. 'सुभेदार' हे नाव गावाच्या तोंडी बसले ते त्या जुलैत, इटलीमुळे नव्हे.

आम्हांला आठवतात ते दवाखान्यातले बाबा. मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची दाते पाडलेली पट्टी चिकटवीत, तेव्हा कात्री अशी चाले की सगळे डोस एकसारखे. घरी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून आमच्याच ढोपरांवर बँडेज शिकविले. पुढे मुंबईस डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सिस्टरनी आमचे बँडेज पाहून विचारले, कोणी शिकविले? आम्ही अभिमानाने सांगितले, "आमच्या वडिलांनी, ते सुभेदार आहेत." खोटेच सांगितले म्हणायचे!

यरुशलेम बाबांनी आमच्या आधी चाळीस वर्षे पाहिले होते. १९४३ साली सीरियातून रजा मिळाली, तेव्हा आपल्याच दोन सोबत्यांबरोबर ते पश्चिम भिंतीपाशी जाऊन आले. "अरुंद बोळ आहे," ते सांगत, "तिघे शेजारी उभे राहिलो तर मागच्याची वाट अडे." आम्ही १९८३ साली येथे आलो आणि पाहतो तो केवढे मोठे पटांगण! तुम्ही दुसरेच काही पाहिले असावे, असे आम्ही थट्टेने लिहून कळविले. उत्तर आले, "मी गेलो तेव्हा बोळच होती." बरोबर होते त्यांचे. भिंतीपुढची घरे १९६७ च्या जूनमध्ये पाडली, हे आम्हांला नंतर समजले.

तुम्हीही या, असे आम्ही दर पत्रात लिहीत असू. पण १८४८ साली स्थापन झालेल्या मागेन आबोथमध्ये तोवर मिन्यानला दहा पुरुष मिळणे कठीण झाले होते. आळीतल्या घरांना एकामागून एक कुलपे लागली होती. शुक्रवारी दुपारी बाबा चौल-रेवदंड्याकडे निरोप धाडीत, कोणी येता का म्हणून. आम्हांला त्यांनी एकदाच स्पष्ट लिहिले, "मी उठलो तर नऊ राहतील." आम्हांला तेव्हा राग आला. येथे आमची मुले आजोबांवाचून वाढत होती आणि ते तेथे माणसे मोजीत बसले होते. आजही तो राग पुरता गेलेला नाही.

१९८७ च्या पावसाळ्यात ते गेले. तार आम्हांला दफनानंतर मिळाली. आमच्या भावाने ह्याच आपल्या सिनेगॉगमध्ये अकरा महिने कद्दीश म्हटले. मिन्यान एकदाही कमी पडले नाही. सणासुदीला तर मागे उभे राहावे लागे.

दगडावर काय कोरावे असे अलिबागहून विचारले होते. हुद्दा घालायचाच तर 'नायक' घाला, असे आम्ही लगोलग कळविले. पत्र पोहोचेपर्यंत दगड तयार झाला होता. पुढे आम्ही तेथे गेलो तेव्हा तो वाचला. वर हिब्रू, खाली मराठीत नाव, आणि नावाआधी 'सुभेदार'. दगड घडविणाऱ्या पाथरवटाचा मुलगा आमच्याबरोबर दाखवायला आला होता. त्याच्या घरचे कोणी 'रामदास'मध्ये होते, असे तो म्हणाला. आम्ही त्याला दुरुस्तीचे काही बोललो नाही.