मिलिंदाचे प्रश्न आणि नागसेनवनातले कॉलेज



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत चळवळीच्या इतिहासातले एखादे पान यावे, अशी अपेक्षा असते. मोर्चे, सत्याग्रह, परिषदा यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी एका कॉलेजची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला कारणही तसेच आहे.

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोरिवलीत घरोघरी एकच चर्चा. सायन्स की कॉमर्स? आय.टी.आय. की डिप्लोमा? अशा वेळी एखादी पोरगी हळूच म्हणते, "मला इतिहास शिकायचाय." की लगेच घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आर्ट्स करून काय दिवे लावणार?" या बोलण्याचा राग येऊ नये. काडेपेटीचा कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे एम.आय.डी.सी. यांच्या आधाराने अंबरनाथ परिसरात किती घरे उभी राहिली! कंपनी बंद पडली की चूल कशी थंडावते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पोराच्या पोटापाण्याची काळजी वाटणारच. पण याच प्रश्नाला बाबासाहेबांनी काय उत्तर दिले होते, ते एकदा पाहायला हवे.

बाबासाहेबांचे स्वतःचे शिक्षण आठवा. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही, म्हणून ते फारसी शिकले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. होऊन १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हेही त्यांनी अभ्यासले. जॉन ड्युई यांच्यासारखे तत्त्वज्ञ तिथे त्यांचे गुरू होते. जात ही काय भानगड आहे, ती आली कुठून, ती टिकते कशी, हे प्रश्न त्यांनी तिथेच १९१६ साली एका निबंधात मांडले. कायद्याची पदवी त्यानंतरची. म्हणजे राज्यघटना लिहिणाऱ्या हाताला आधी वळण लावले ते याच विषयांनी, ज्यांना आपण आज "नुसतं आर्ट्स" म्हणतो.

हे शिक्षण आपल्या एकट्यापुरते राहू नये म्हणून ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. इमारत कुठली? सुरुवातीला मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकी! नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तास सकाळी ठेवले. सकाळी कॉलेज, मग दिवसभर ऑफिस असा तो क्रम. पुढे कॉलेज फोर्टमध्ये आले. अंबरनाथपासून ते सुमारे ६० किलोमीटर. पहाटेची लोकल धरणाऱ्याला वेगळे सांगायला नको, की या शिक्षणाची किंमत झोप मोडून द्यावी लागत होती.

आणखी एक गोष्ट. आपल्या विहारात ज्या ग्रंथाचे वाचन होते, तो 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मूळ इंग्रजीत १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला, तो सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनमालेतून. आपला ग्रंथ आपल्या कॉलेजने जगासमोर आणला, हे पोरांना सांगितले पाहिजे.

मुंबईत निदान कॉलेजे तरी होती. मराठवाड्याची स्थिती निराळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाचे राज्य. उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत, आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादेत शिक्षण इंटरपर्यंत. पुढे पदवी हवी तर बहुतेकांना हैदराबाद गाठावे लागे. जिथे पाटलाच्या पोराची ही गत, तिथे महारवाड्यातल्या पोराने काय करावे? बाबासाहेबांनी हा भाग मुद्दाम निवडला. जून १९५० मध्ये औरंगाबादेत सोसायटीचे कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब तिथे वारंवार जाऊन राहत, बांधकामाकडे जातीने लक्ष देत. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तो सारा परिसर म्हणजे नागसेनवन. औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे.

आता नावाकडे नीट पाहा. बाबासाहेबांनी कॉलेजला कुणा दानशूर शेठजीचे नाव दिले नाही, स्वतःचेही दिले नाही. नाव दिले मिलिंद राजाचे, आणि परिसराला नागसेन भिक्खूचे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. तोच पालीतला मिलिंद. त्याची राजधानी सागल. त्याला वाद घालण्याची भारी हौस. भल्याभल्या पंडितांना तो निरुत्तर करी. शेवटी गाठ पडली भदंत नागसेनांशी. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात दोघांचा संवाद आहे. राजा म्हणतो, माझ्याशी चर्चा कराल का? नागसेन एक अट घालतात. पंडितासारखे बोलणार असाल तर करीन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडित चूक दाखवली तर मान्य करतो, रागावत नाही. राजा मात्र विरोध करणाराला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली. रथाचा तो प्रसिद्ध दृष्टान्तही याच संवादात आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? एकेक भाग बाजूला काढून नागसेन राजाला विचार करायला लावतात, आणि "मी" म्हणजे काय या प्रश्नापर्यंत आणून सोडतात.

माझ्या मते बाबासाहेबांच्या कॉलेजचा सगळा अभ्यासक्रम या नावातच आहे. ज्या माणसांना हजारो वर्षे "तोंड वर करून बोलू नको" असे सांगितले, त्यांच्या पोरांना बाबासाहेब सांगत होते: विचारा! गुरूला विचारा, राजाला विचारा. पण विचारताना शील सोडू नका, आणि चूक पटली तर कबूल करा.

गावकुसाबाहेरून आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुले इथल्या वसतिगृहात राहिली. इंग्रजीच्या पुस्तकाने पहिली काही वर्षे घाम फोडला असेल. पण कॉलेज फक्त आपल्यापुरते नव्हते. सर्व जातिधर्मांच्या मुलांना दार उघडे होते, आणि शिकवणारेही सगळ्या समाजांतले होते. प्राचार्य म. भि. चिटणीस हे तर बाबासाहेबांच्या विश्वासातले. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. ते कॉलेजात बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही झाले. या नाटकाचा उल्लेख दलित रंगभूमीच्या इतिहासात आवर्जून होतो. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक औरंगाबादहून अनेक वर्षे चालवले. खेड्यापाड्यातल्या कितीतरी लिहिणाऱ्या हातांना त्याने पहिली जागा दिली.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, आणि नामविस्तार प्रत्यक्ष झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे आपल्या माणसांनी घरे जळताना पाहिली, जीव गमावले. त्या लढ्यात नागसेनवनातले विद्यार्थी पुढे होते. प्रश्न विचारायला शिकलेली पोरं गप्प कशी बसतील?

मग आता आपण काय करायचे? सगळ्यांनी आर्ट्सच घ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. मिलिंदमध्ये कला आणि विज्ञान दोन्ही शाखा होत्या. पुढे त्यांची वेगळी महाविद्यालये झाली. आपल्याला इंजिनीअर हवेत, डॉक्टर हवेत, नर्सबाई हव्यात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. मार्क कमी पडले म्हणून नाइलाजाने आर्ट्सला नाव घालायचे आणि तीन वर्षे एक पुस्तक न उघडता काढायची, याला शिक्षण म्हणत नाहीत. अशी पदवी भिंतीवर टांगायच्या कामाची. उलट ज्याला वाचायची, विचारायची भूक आहे, त्या पोरापोरीला "काय दिवे लावणार" म्हणून गप्प करणे म्हणजे बाबासाहेबांनी उघडलेले दार आपल्याच हाताने लावणे आहे. मास्तर, वकील, पत्रकार, अधिकारी, लेखक हे याच वाटेने घडतात. आणि सायन्सला गेलेल्या पोरालाही आपला इतिहास, आपली घटना माहीत नको का?

याची सुरुवात आपल्या विहारातच करता येईल. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवू या. एका मुलाने एक प्रश्न विचारायचा, मोठ्यांनी उत्तर द्यायचे. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, बघून सांगतो" असे मोकळेपणाने म्हणायचे. राजासारखे नाही, पंडितासारखे! म्हणजे आपल्या या लहानशा विहारातही एक नागसेनवन उभे राहील.

अत्त दीप भव. स्वतःच दिवा व्हा, असे तथागतांनी सांगितले आहे. "काय दिवे लावणार?" या प्रश्नाला यापरते दुसरे उत्तर काय द्यावे?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!