छायाचित्र मुद्रण, कृष्णधवल : छायाभेदाचे नियंत्रण

छायाचित्रातील सर्वांत उजळ व सर्वांत गडद भागांतील अंतरास छायाभेद म्हणतात. निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढताना हे अंतर योग्य राखणे, हा मुद्रणातील कळीचा प्रश्न होय.

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. त्या काळी छायाभेद कागदावर बदलणे जवळजवळ अशक्य होते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद निगेटिव्हखाली उन्हात ठेवीत. काळवंडणारा भाग पुढील प्रकाश स्वतःच अडवी. त्यामुळे निगेटिव्हच तीव्र भेदाची करावी लागे. निजामाच्या राज्यात, वेरूळसारख्या ठिकाणी, राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी टिपलेल्या चित्रांच्या अनेक प्रती याच कागदावर आहेत. लेण्यातील काळोख व बाहेरील ऊन एकाच काचेवर सामावणे, हे त्यांचे कौशल्य.

पुढे जिलेटिनयुक्त कागद आले व ते सौम्य, मध्यम, तीव्र अशा प्रतींत मिळू लागले. प्रत्येक प्रतीची वेगळी पेटी बाळगणे लहान स्टुडिओंस परवडत नसे. १९४० मध्ये इल्फर्ड कंपनीने ‘मल्टिग्रेड’ कागद आणला. त्याच्या पायसावर हिरव्या प्रकाशाने सौम्य, तर निळ्याने तीव्र प्रतिमा उमटते. पिवळा गाळणकाच निळा प्रकाश अडवितो, किरमिजी काच हिरवा.

यातूनच द्विप्रकाशन पद्धती निघाली. प्रथम सौम्य काचेतून पट्टीवर चढत्या वेळांचे प्रकाशन देतात व उजळ भागात तपशील जेमतेम दिसू लागेल तो वेळ निवडतात. नव्या पट्टीवर तेवढे प्रकाशन देऊन त्यावर तीव्र काचेतून चढते वेळ देतात. सावल्या पूर्ण काळ्या होतील तेथे थांबतात. दुसऱ्या प्रकाशनाने उजळ भागही किंचित गडद होतो, म्हणून पहिला वेळ थोडा घटवावा लागतो. ओली पट्टी सुकल्यावर गडद दिसते. निर्णय सुकलेल्या पट्टीवरूनच घ्यावा. या पद्धतीला काही जण चमत्कार मानतात, ते बरोबर नाही. संपूर्ण कागदावर दिलेल्या दोन प्रकाशनांचा परिणाम एखाद्या मधल्या प्रतीच्या काचेने एकदाच दिलेल्या प्रकाशनासारखाच असतो. लाभ आहे तो चाचणी सोपी होण्यात, तसेच आकाश किंवा चेहरा यांना वेगळी मात्रा देता येण्यात.

दीनदयाळांच्या काचांचा मोठा संग्रह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आला. जुन्या कागदासाठी केलेल्या अशा काचांवरून आधुनिक कागदावर प्रत काढल्यास ती बहुधा फार कठोर येते. तेथे सौम्य काचेचा वाटा वाढवावा लागतो.