सेरेंगेटीची शिरगणती आणि एक गिधाड

मंडळी, आजचा विषय विमान अपघाताचा असला तरी सुरुवात आपण एका आकड्याने करू. ३,६६,९८०. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या मैदानात एवढी मोठी जनावरं आहेत, असं १९५८ साली दोन जर्मन माणसांनी विमानातून मोजून सांगितलं. फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल. ‘सुमारे साडेतीन लाख’ असं मोघम नाही, तर शेवटच्या ऐंशीसकट! वाइल्डबीस्ट ९९,४८१, झेब्रे ५७,१९९, असा सगळा हिशेब.

ही शिरगणती का करावी लागली? आजचा टांझानिया तेव्हा टांगानिका होता, ब्रिटिशांच्या ताब्यातला. तिथल्या सरकारने सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा, गोरोंगोरोचा भाग उद्यानातून काढून मसाई गुराख्यांच्या वस्तीसाठी मोकळा ठेवायचं घाटलं होतं. बापलेकांकडे आधीच्या चित्रपटातून मिळालेला पैसा होता. त्यातून उद्यानासाठी जमीन विकत घेऊ, असं ते म्हणाले. तिथल्या उद्यानांचे प्रमुख पीटर मोलॉय यांनी सुचवलं की जमीन राहू द्या, आधी जनावरं किती आहेत आणि वर्षभरात ती कुठे कुठे जातात तेवढं शोधून द्या. सरहद्द नकाशावर आखली जात होती आणि कळपांची वाट कुणालाच नीट ठाऊक नव्हती.

मग दोघंही विमान चालवायला शिकले. डॉर्निअर डीओ-२७ हे छोटं विमान घेतलं, त्याला झेब्र्यासारखे पट्टे रंगवले आणि जर्मनीहून स्वतःच चालवत आफ्रिकेत नेलं. पट्ट्यांची गंमत फोटोत छान दिसते, पण विमानाची निवड फार विचारपूर्वक केलेली होती. पंख वर असल्याने खालचं स्पष्ट दिसतं, अगदी मंद गतीतही ते हवेत टिकतं आणि थोड्या सपाट जागेवर उतरतं.

आता बघा, मोजणीचं विमान खालून आणि हळू उडावं लागतं. उंच गेलं तर गॅझेल आणि वारूळ यांत फरक कळत नाही, आणि वेगात गेलं तर मोजायच्या आत कळप मागे पडतो. ग्झिमेक साधारण ५० ते १०० मीटरवरून मोजत. पण वैमानिकाची खरी शिल्लक म्हणजे उंची आणि वेग. काही बिघडलं तर या दोन गोष्टी खर्च करून तो वेळ विकत घेतो. १०० मीटरवरून एखादी वस्तू नुसती सोडली तरी साडेचार सेकंदांत ती जमिनीवर असते. म्हणजे मोजणी चांगली व्हावी म्हणून जे करायचं, त्यानेच जीव वाचवायची सवड जाते. त्यात ऊन तापलं की वर चढणाऱ्या हवेवर गिधाडं घिरट्या घालू लागतात. सात-आठ किलोचं धूड, आणि विमान बघून बाजूला होईलच असं नाही.

१० जानेवारी १९५९. शिरगणती झाली होती, कळपांचा माग आणि चित्रीकरण चालू होतं. विमानात मिखाएल एकटाच होता. एक गिधाड उजव्या पंखावर आदळलं, पंख चेपला, आतल्या नियंत्रणाच्या तारा अडकल्या आणि विमान थेट खाली आलं. मिखाएल २४ वर्षांचा होता. गोरोंगोरोच्या कड्यावर त्याला पुरलं. त्याच वर्षी पुस्तक आलं, चित्रपट आला आणि १९६० मध्ये त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

ज्या आकड्यासाठी हे सगळं झालं, तो मात्र टिकला नाही. धावत्या कळपात डोळ्यांनी मोजताना बरीच जनावरं सुटतात. दोन-तीन वर्षांतच दुसऱ्या अभ्यासकांना वाइल्डबीस्टच अडीच लाखांच्या आसपास दिसले, आणि ही वाढ नुसत्या पैदाशीने होणारी नव्हती. पुढे गुरांना लस टोचून बुळकांडी हटवल्यावर तर सत्तरच्या दशकात ते तेरा लाखांवर गेले. आम्हाला वाटतं, ग्झिमेक यांचं मोठं काम आकड्याचं नव्हतंच, ते वाटेचं होतं. कळप नव्या सरहद्दीबाहेर जाऊन चरतात, हे त्यांनी नकाशावर दाखवलं. तरीही १९५९ मध्ये गोरोंगोरो उद्यानातून वेगळं झालंच.

आणि एक बाजू चित्रपटाच्या झळाळीत झाकली गेली. राष्ट्रीय उद्यानात माणूस नकोच, तिथला मूळचासुद्धा नको, असं बर्नहार्ड यांचं ठाम मत होतं. तरुण मुलगा गमावलेल्या बापाशी यावर वाद कोण घालणार? मसाईंच्या वतीने १२ पुढाऱ्यांनी १९५८ मध्ये सेरेंगेटी सोडण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या, त्या गोरोंगोरोत राहायला मिळेल या भरवशावर. बर्नहार्ड १९८७ मध्ये गेले, आणि त्यांनाही तिथेच मुलाशेजारी जागा मिळाली. त्याच गोरोंगोरोतून २०२२ पासून मसाई कुटुंबांना दूर म्सोमेरा इथे हलवलं जात आहे. सरकार याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं, अनेक मसाई तसं म्हणत नाहीत.