तळटीप : मायबोली आणि पक्षाघात

* मायबोली पक्षाघातातही शाबूत राहते, हे लेखकाचे विधान जरा घाईचे आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्ये असेच काहीसे मांडले होते : आधी शिकलेले शेवटी जाते. १८९५ मध्ये डॉ. पीत्र यांनी वेगळे सांगितले : आजारापूर्वी जी भाषा रोजच्या तोंडात, ती आधी परतते. तारकर्लीत जन्मभर रापण ओढलेल्या माणसाच्या बाबतीत दोघांचेही उत्तर मालवणीच. मुंबईच्या गिरणीत उमेदीची वर्षे काढलेल्या चाकरमान्याचे काय?

प्रत्यक्षात बहुतेक द्विभाषिक रुग्णांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात.

शिवाय मालवणी आणि प्रमाण मराठी मेंदूत वेगळ्या मोजायच्या कशा, हा पेच आहेच. ‘तो जाता, ती जाता’ म्हणणारे पोर शाळेत ‘जातो-जाते’ शिकते आणि घरी आयशीशी बोलताना पुन्हा ‘जाता’वर येते.